गावच्या मैदानावर वार्ताहराने बसायचं कुठे?

तुमचा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून तुम्ही वर्षभरापासून जिल्हा दैनिकाला बातम्या देता, घरचं कृषी केंद्र सांभाळून. ५५ किलो वजनगटाच्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या शेवटच्या चढाईत बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण) धरायचा की नाही, यावरून वाद पेटला. तुम्ही मोबाईलवर चित्रण करत होता. आयोजकांच्या पोरांनी मोबाईल हिसकावला, चित्रण पुसलं आणि तुम्हाला दोरीबाहेर काढलं. आता तुम्ही विचारता की अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, कशी काढायची, म्हणजे पुन्हा कोणी अडवणार नाही. अशा वेळी कायदा आपल्या बाजूने आहे का. आणि पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, बातमी करायची आहे, तिथे काय सांभाळायचं.

वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या मैदानांवर मी पंचवीसेक वर्षं हेच काम केलं आहे. तेवढ्या भरवशावर बोलतो. तुमचं दैनिक कोणतं, आयोजक कोण, त्यांच्यामागे पुढारी कोण, यावर बरंच काही अवलंबून आहे. ते तुम्ही जुळवून घ्या.

आधी एक गोष्ट बघा. त्या रात्री तुमच्याकडे कार्ड नव्हतं, तरी तुम्ही दोरीच्या आत होताच. कोणी विचारलं नाही, उलट चहा मिळाला असेल, कदाचित मंचावरून नावही पुकारलं असेल. गावच्या मैदानावर वार्ताहराला आत जायला अडचण नसते. तुम्हाला अडवलं ते वादाचं चित्रण सुरू केल्यावर. म्हणजे खरा प्रश्न कार्डाचा नाही. तुम्ही तिथे कोणाचे पाहुणे म्हणून उभे होता, हा आहे.

नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर उलटं असतं. मार्च २०२५ मध्ये विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर रणजी करंडक जिंकला तो तिथेच. तशा सामन्याला पत्रकारांची आधी नोंदणी होते, गळ्यात पास, बसायची जागा ठरलेली, धावफलक हातात येतो, सामन्यानंतर कर्णधार समोर येऊन बसतो. पास नसेल तर फाटकाच्या आत पाय टाकता येत नाही, पण एकदा आत गेलं की तुम्ही काय लिहिता यावर दोरी धरून बसलेला कोणी डोळा ठेवत नाही. आपल्याकडे फाटकच नाही. म्हणून जो खुर्ची देतो तोच मालक होऊन बसतो.

त्यामुळे माझा पहिला सल्ला बसण्याच्या जागेचा. मंचावर बसू नका. कितीही आग्रह झाला, 'पत्रकार भाऊंनी मंचावर यावं' असं माइकवरून तीनदा पुकारलं, तरी हात जोडून खालीच थांबा. शाल-श्रीफळ घेतलं की त्याच मंचाच्या विरोधातला प्रश्न तोंडातून निघत नाही. निघालाच, तर लोकांना ती गद्दारी वाटते. तुमच्यावर हात टाकणाऱ्या पोरांचा राग मला त्यातलाच दिसतो. 'आपलाच माणूस आपलीच बदनामी कायले करून राह्यला?' असा. आयोजक वाईटच असतात असं मला म्हणायचं नाही. वर्गणी गोळा करून, ट्रॅक्टरने माती आणून, रात्री दोनला जनरेटरमध्ये डिझेल ओतणारी ही पोरं नसती तर आपल्या भागात कबड्डी उरली नसती. पण त्यांचं काम स्पर्धा पार पाडण्याचं आहे, आपलं काम काय झालं ते सांगण्याचं.

बसायची जागा म्हणजे गुणलेखकाचं टेबल. सामना सुरू व्हायच्या आधी जाऊन गुणलेखकाला आणि मुख्य पंचाला भेटा, नाव सांगा, 'तुमच्या मागे बसतो, मध्ये बोलणार नाही' म्हणा आणि खरोखर मध्ये बोलू नका. तिथून तीन गोष्टी दिसतात ज्या मंचावरून कधीच दिसत नाहीत: कोणता खेळाडू कधी बाद झाला, मैदानात त्या क्षणी किती बचावपटू होते, आणि पंचाने हात वर करून दिलेला गुण कागदावर चढला की नाही. तुमच्याच वादाचं घ्या. बोनस मिळायला समोर किमान सहा बचावपटू असावे लागतात. म्हणजे 'पाय रेषेपलीकडे पडला होता का' या आरडाओरडीच्या आधी 'मैदानात सहा जण होते का' हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर चित्रणापेक्षा गुणपत्रकात लवकर सापडतं. मागे कोण बाद झालं, कोण परत जिवंत झालं, हे उलटं मोजत गेलं की आकडा निघतो. बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला तर दोन्ही संघांना पाच-पाच चढाया मिळतात, हेही पाठ असू द्या. रात्री एक वाजता दमलेला पंच, शिट्ट्या मारणारी गर्दी आणि माइकवर ओरडणारा समालोचक, यांत नियम शांतपणे आठवणारा माणूस बहुधा टेबलाजवळच सापडतो.

सामना संपला की गुणपत्रकाचा फोटो मागून घ्या. चोरून काढू नका. वाद झाला असेल तर मुख्य पंचाचं एक वाक्य घ्या, हरलेल्या कर्णधाराचं एक घ्या, तेवढ्यात बातमी होते. हा कागद हातात असला की व्हिडिओची गरज निम्म्याने कमी होते, आणि मोबाईल हिसकावण्यात कोणाला अर्थ राहत नाही.

वजनगटाच्या स्पर्धेत आणखी एक जागा आहे, ती म्हणजे सकाळचं वजन. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी किराणा दुकानातला किंवा खताच्या गोण्यांचा काटा आणतात. पोरं बनियन काढून, कोणी आदल्या दिवसापासून उपाशी राहून, एका पायावर तोल सावरत काट्यावर चढतात. काटा हलला की शंभर-दोनशे ग्रॅमवरून भांडण. संध्याकाळी गुणांवरून जे वाद होतात, त्यांतल्या पुष्कळ वादांचं मूळ या काट्यावर असतं: 'तो पोट्टा ५५ चा नव्हताच.' वार्ताहर सकाळी तिथे नसतो आणि रात्री त्याला भांडण समजत नाही. सगळ्या स्पर्धांना सकाळपासून जाणं शक्य नाही, तुम्हाला दुकान आहे. पण ज्या स्पर्धेची मोठी बातमी करणार असाल, तिथे वजनाच्या वेळेला अर्धा तास जाऊन या.

आता कागदपत्रांकडे. अधिस्वीकृतीचा अर्ज जिल्हा माहिती कार्यालयात होतो, पण त्यासाठी दैनिकाची शिफारस, अनुभव, नेमणुकीचे कागद लागतात. एक वर्षाच्या अर्धवेळ कामावर ती मिळण्याची घाई करू नका. शिवाय ती सरकारी सवलतींच्या, एसटीच्या प्रवासाच्या कामाची. कबड्डीच्या मैदानावर ती कोणी वाचत नाही. तुम्हाला तिच्याआधी लागतं ते दैनिकाचं नेमणूकपत्र. हे मी जोर देऊन सांगतो, कारण ग्रामीण भागातले निम्मे वार्ताहर फोनवरच्या 'तुम्ही पाठवत जा, आम्ही लावतो' यावर वर्षानुवर्षं काम करतात.

कायद्याचं उत्तर त्या पत्राशीच जोडलेलं आहे. पत्रकारांवरच्या हल्ल्यांसाठी राज्याचा २०१७ चा वेगळा कायदा आहे. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. खोट्या तक्रारीलाही त्यात शिक्षा आहे. पण हा कायदा ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो एखाद्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी कामाला आहे, त्याच्यासाठी लिहिलेला आहे. तुमचं मुख्य उत्पन्न कृषी केंद्राचं आणि हातात नेमणुकीचा कागद नाही, तर ठाण्यात पहिला आक्षेप यावरच येईल. याचा अर्थ तुम्ही उघडे पडलात असा नाही. मोबाईल हिसकावणं, धक्काबुक्की करणं, अडवून ठेवणं हे कोणाही नागरिकाच्या बाबतीत गुन्हेच आहेत, भारतीय न्याय संहितेत त्यांची कलमं आहेत. तक्रार द्यायची असेल तर उशीर करू नका, आणि त्यात घडलेलं तेवढंच लिहा.

द्यावी का? हे मी इथून ठरवू शकत नाही. मोबाईल परत मिळाला असेल, मार लागला नसेल, तर मी आधी संपादकांना लेखी कळवलं असतं आणि आयोजक मंडळाच्या अध्यक्षाला दैनिकाकडून फोन करायला लावला असता. तो फोन कार्यालयातून जाणं महत्त्वाचं. तुम्ही एकटे गेलात की ते दोन पोरांचं भांडण होतं. पण मार लागला असेल किंवा धमकी सुरू असेल तर गावातल्या कोणाच्या मध्यस्थीची वाट पाहू नका, थेट ठाण्यात जा. आणि आपल्याला झालेल्या धक्काबुक्कीची बातमी आपणच लिहू नका, ती दुसऱ्या सहकाऱ्याला लिहू द्या.

पैशाचं बोलल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही. मानधन बहुतेकांना मोबाईल रिचार्ज आणि पेट्रोलपुरतंही पडत नाही, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. म्हणजे ज्या आयोजकाच्या स्पर्धेची बातमी करायची, त्याच्याकडूनच शुभेच्छांची जाहिरात आणायची. ही पद्धत चूक आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि ती उद्या बंद होणार नाही हेही. मी स्वतः एवढं पाळलं: जाहिरातीचा व्यवहार स्पर्धा सुरू व्हायच्या आधी पावतीसह संपवायचा, स्पर्धेच्या दिवसांत त्या विषयावर अक्षर बोलायचं नाही, आणि अंतिम सामन्यानंतर कोणी पाकीट पुढे केलं तर चारचौघांत परत करायचं. चारचौघांत हे महत्त्वाचं. कोपऱ्यात परत केलेल्या पाकिटाची गावात वेगळीच गोष्ट होते. बक्षिसाच्या रकमेबाबतही सावध राहा. 'प्रथम पारितोषिक अमुक भाऊंकडून ५१ हजार' हे माइकवरचं वाक्य आहे. विजेत्या संघाच्या कर्णधाराला दोन दिवसांनी फोन करून रक्कम हाती आली का ते विचारा. कधी कधी खरी बातमी तिथे असते.

दुसरा दबाव नावांचा आहे, आणि नवीन वार्ताहर यातच सापडतो. शालेय स्पर्धेची बातमी देताना एखादे क्रीडाशिक्षक हळूच म्हणतात, 'भाऊ, या दोघांचीही नावं टाका, संघातच आहेत.' ती पोरं मैदानात उतरलेली नसतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, त्यामुळे खेळल्याच्या प्रत्येक कागदाला आपल्याकडे भाव आहे. नोकरीसाठी कात्रण चालत नाही, प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते. तरी वाद झाला की कात्रण पुढे येतंच. म्हणून नावं फक्त खेळलेल्यांची, आणि ती कर्णधाराकडून तुमच्या वहीत त्याच्याच हाताने लिहून घ्या. आडनावातली एक वेलांटी चुकली तर माय-बाप सहा महिने नाव ठेवतात. ते कात्रण लॅमिनेट होऊन भिंतीवर लागणार असतं, त्यांचंही बरोबर आहे.

क्रीडाशिक्षकांशी मात्र संबंध राखा. तालुक्यातला एखादा क्रीडाशिक्षक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेला असतोच. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डी दाखवून आली होती. अशा शिक्षकाला खेळ कळतो, पोरं कळतात, आणि तालुका क्रीडा संकुलाला कुलूप का आहे हेही कळतं. पण हे सगळं तो बोलणार नाही, कारण त्याला नोकरी आहे. ते माहिती अधिकारात मागवा, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे.

मुलींच्या स्पर्धेत दोन गोष्टी पाळा: फोटो प्रशिक्षकाला सांगून आणि खेळतानाचेच, आणि खेळाडूचा फोन नंबर कधीही थेट मागू नका, पालकांचा किंवा शिक्षकांचा घ्या. तुमच्या तालुक्यात एखादी मुलगी वार्ताहर असेल तर रात्रीच्या स्पर्धेला तिला एकटीला पाठवायचं की नाही हा तिचा प्रश्न नाही, कार्यालयाचा आहे. मैदानाजवळच्या शाळेतलं स्वच्छतागृह उघडून घेण्यासारखी साधी गोष्टसुद्धा आधी फोन केल्याशिवाय होत नाही.

वेळेचं गणित. तालुक्याचं पान संध्याकाळीच सुटतं, अंतिम सामना मध्यरात्रीनंतर. ही ओढाताण मी कधीच जिंकलो नाही आणि तुम्हीही जिंकणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी उपांत्य फेरीपर्यंतचं पाठवा, निकाल रात्री दोन ओळींत डेस्कला टाका, तो लागला तर लागला. पण दुसऱ्या दिवशी निव्वळ निकाल पाठवू नका, तो तोवर गावभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला असतो. त्याऐवजी निकालामागचं द्या: कोणाच्या पकडीने सामना फिरला, कोणत्या गावचा संघ किती वर्षांनी परत आला. टेनिस बॉल क्रिकेटला हल्ली क्रिकहीरोज या अ‍ॅपवर धावफलक मिळतो, सोय आहे. पण त्यात 'पप्पू', 'बंटी', 'शेरा' अशी नावं असतात, खरी नावं विचारून घ्या.

अंतिम सामना संपेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असते. मोटारसायकलने परत येऊ नका, हे मी काळजीपोटी सांगतो. पांढरकवड्याकडचा रस्ता असो की मेळघाटातला, रात्री दोनला रोही (नीलगाय) आणि रानडुकरं आडवी येतात, झोप डोळ्यांवर असते. बाहेरगावचे संघ ज्या शाळेत उतरतात तिथेच सतरंजी मागा. सकाळी दात घासताना, काल हरलेली पोरं जे बोलतात ते सामन्यानंतरच्या गर्दीत कोणी बोलत नाही.

आता शंकरपट. यावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली होती, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला. म्हणजे पट आता कायदेशीर आहे, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि अटींवर. आयोजकांकडे पहिल्यांदा परवानगीपत्राची प्रत मागा. ते देत नसतील तर तहसील कार्यालयात विचारा. बैलाला काठी, तुतारी (टोचायची अणकुचीदार काठी) लावायला मनाई आहे. ते होतंय का हे तुम्हाला डोळ्यांनी पाहावं लागेल आणि दिसलं तर लिहावं लागेल, आयोजक ओळखीचे असले तरी. पशुवैद्यकीय अधिकारी मैदानावर आहेत का, तेही पाहून घ्या, नुसतं 'आहेत' ऐकून लिहू नका.

उभं राहायची जागा सगळ्यात महत्त्वाची. फोटोच्या मोहाने अंतिम रेषेच्या समोर बसू नका. जोडी रेषेवर थांबत नाही. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, तिला पुढे बरंच अंतर सावरत नेतो, आणि बिथरलेली जोडी गर्दीत कुठून घुसेल ते त्यालाही सांगता येत नाही. बाजूला, लाकडी कठड्याच्या मागे, सुटायची जागा डावीकडे ठेवून उभे राहा. निकाल सेकंदांच्या अपूर्णांकात लागतो आणि माइकवाला उत्साहात आकडे फिरवतो. वेळेची नोंद ठेवणाऱ्याच्या वहीवरून जोडीच्या मालकाचं नाव, गाव आणि सेकंद स्वतः उतरवून घ्या. गर्दी ओसरेपर्यंत वही बहुधा कुठेतरी जाते, म्हणून गट संपला की लगेच जा, बक्षीस समारंभाची वाट पाहू नका.